ब्रोमॉइल प्रिंट करायचंय? मुकुटबनच्या उन्हात आधी पाण्याचा विचार करा

तैलचित्रासारखा दिसणारा, पण प्रत्यक्षात कॅमेऱ्यातून आलेला जुना फोटो सोशल मीडियावर कधी पाहिलाय? तो ब्रोमॉइल प्रिंट असू शकतो. ई. जे. वॉल यांनी १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. मुंबईत जहांगीर उनवाला या पद्धतीसाठी ओळखले गेले.

यात फोटो आधी साध्या ब्रोमाइड कागदावर छापतात. मग मोरचूद, पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात त्यातली चांदीची प्रतिमा घालवतात. जिथे चांदी जास्त होती तिथलं जिलेटिन कडक होतं. फिक्सर आणि धुण्यानंतर कागद भिजवला की कडक भाग पाणी कमी पितो आणि तेलकट शाई धरतो, तर फुगलेला भाग ती झिडकारतो. सगळी करामत जिलेटिनची, म्हणून कागद चुकला तर पुढचं काहीच जमत नाही.

प्लास्टिक थराचा आरसी कागद घेऊ नये. मॅट फायबर कागद हवा, तोही वरचा संरक्षक थर नसलेला. असा कागद आज मोजकाच मिळतो, त्यामुळे आधी तोच शोधावा. फिक्सरमध्ये तुरटीसारखा कडक करणारा घटक नको.

शाई लिथोची, घट्ट. पातळ शाई उजळ भागावरही चिकटते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात घट्ट शाईसुद्धा सैल पडते. खास तिरके ब्रश महाग असतात, पण सरावासाठी दाढीचा ब्रश तिरका कापून चालतो. सोबत काच, स्पॅट्युला, स्पंज आणि ट्रे एवढं पुरे.

झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन चुनखडीच्या पट्ट्यात आहे. जड पाण्यात मोरचूद गढूळ होऊ शकतो, म्हणून द्रावणाला डिस्टिल्ड वॉटर वापरावं. भिजवायचं पाणी २० ते २५ अंशांचं असावं. मे महिन्यात टाकीचं पाणी तापतं आणि मऊ जिलेटिन सुटू लागतं. सुरुवात डिसेंबर-जानेवारीतच करावी.

डायक्रोमेटचं मात्र हलक्यात घेऊ नका. ते कर्करोगकारक आहे. हातमोजे हवेतच, भुकटी उडवू नये, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. उरलेलं द्रावण विहीर, नाला किंवा शेताजवळ ओतू नये. नाव लिहिलेल्या बंद डब्यात ठेवून घातक कचरा म्हणूनच द्यावं. ही सोय होत नसेल तर रसायन विकतच घेऊ नये.