हूडिनी आणि पडद्याआडचा वेळ

१७ मार्च १९०४. लंडनच्या हिप्पोड्रोम थिएटरात सुमारे चार हजार माणसं एका बुटक्या कापडी खोपटाकडे टक लावून बसली होती. खोपटाचा मालक त्याला गमतीनं ‘भुताचं घर’ म्हणे. आत गुडघ्यांवर बसला होता हॅरी हूडिनी, आणि त्याच्या मनगटांत होती ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रानं आव्हान म्हणून आणलेली बेडी. बर्मिंगहॅमच्या एका कारागिरानं ती पाच वर्षं खपून घडवली होती, असं मिररवाले सांगत होते. बँड वाजत होता. २२ मिनिटांनी हूडिनीचं डोकं बाहेर आलं. सुटला, सुटला, म्हणून लोकांनी एकच गलका केला. पण त्याला फक्त उजेडात कुलूप बघायचं होतं. ३५ मिनिटांनी तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि गुडघे दुखतात म्हणाला. त्याला उशी देण्यात आली. ५६ व्या मिनिटाला पुन्हा बाहेर. आता म्हणे कोट काढायचाय, तेवढ्यापुरती बेडी सोडा. मिररचा प्रतिनिधी बधला नाही. हार कबूल असेल तर सोडतो, म्हणाला.

मग हूडिनीनं अंग वेडंवाकडं करत जाकिटाच्या खिशातून छोटा चाकू काढला, दातांनी उघडला, कोट डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि चाकू दातांत धरून त्या चांगल्या कोटाच्या चिंध्या केल्या. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. एक तास दहा मिनिटांनी तो मोकळ्या हातांनी बाहेर आला, तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं, आणि लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते.

हा सामना हूडिनी आणि वर्तमानपत्र यांनी संगनमतानं रचला होता, असा संशय जादूगारांच्या जगात फार जुना आहे. मलाही तो खरा वाटतो. पण मग हूडिनीचं कौतुक कमी करायचं की वाढवायचं? बेडी खरी असो की ठरवलेली, ती उशी, तो कोट, तो चाकू हे सगळं त्याचं. पाच मिनिटांत सुटून आला असता तर चार टाळ्या पडल्या असत्या आणि लोक चहाला गेले असते.

मूळ नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४, बुडापेस्ट. वडील ज्यू धर्मगुरू. कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी आलं, तिथं वडिलांची नोकरी टिकली नाही, आणि पोरगा पुढे न्यूयॉर्कमध्ये नेकटायच्या कारखान्यात कापड कापायला लागला. फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ याच्या नावावरून त्यानं ‘हूडिनी’ हे नाव घेतलं. सुरुवातीची वर्षं स्वस्तातल्या प्रदर्शनांत, सर्कशीत, दिवसाला अनेक खेळ करण्यात गेली. पत्नी बेस हीच त्याची जोडीदारीण. पेटीत बांधून कुलूपबंद केलेला हूडिनी, पेटीवर पडदा, बेसच्या तीन टाळ्या. तिसऱ्या टाळीला पडद्यातून हूडिनी बाहेर, आणि पेटी उघडावी तर आत हातपाय बांधलेली बेस. डोळ्याचं पातं लवतं तोवर सगळं संपे. १८९९ मध्ये मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकानं त्याला सल्ला दिला, की पत्ते-कबुतरं सोड, बेड्या आणि पेटी एवढंच कर. त्यानंतर वर्षभरात तो युरोप गाजवत होता.

बेड्यांचं गुपित फारसं गूढ नव्हतं. १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की काही बेड्या योग्य जागी ठोकल्या की उघडतात, आणि त्यासाठी विजारीच्या आत गुडघ्यावर शिशाची पट्टी बांधावी. बाकी चाव्या, तारा, आणि कुलपांचा अफाट अभ्यास. अवघड होतं ते सुटल्यानंतर आत बसून राहणं. बाहेर बँड वाजतोय, लोक घड्याळं बघताहेत, आणि हा आत मोकळा, घाम कधी दाखवायचा याचा हिशेब करत.

पडद्याआड कोणी मदत करतं, हा संशय मात्र पिच्छा सोडत नव्हता. त्यावर तोड काढली त्याच्या धाकट्या भावानं, हार्डीननं. वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाला आवळून बांधायची जाड कापडाची बंडी असे. तिच्यातून सुटण्याचा खेळ त्यानं पडद्याशिवाय, लोकांदेखत केला. लोक खुळावले. हूडिनीनं लगेच कल्पना उचलली आणि पुढे भर चौकात, उंच इमारतीवरून उलटं लटकून तो ती बंडी काढू लागला. इमारत बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या कचेरीची निवडायची, म्हणजे बातमी शोधायला बातमीदाराला जिना उतरायचीही गरज नाही!

१९०८ च्या जानेवारीत सेंट लुईसमध्ये त्यानं पाण्यानं भरलेला दुधाचा मोठा कॅन आणला. आत शिरण्याआधी तो प्रेक्षकांना म्हणे, माझ्याबरोबर तुम्हीही श्वास रोखून धरा. अर्ध्या-एक मिनिटात सभागृह धापा टाकायला लागे, हशा पिके. मग झाकण, सहा कुलपं, पडदा. शेजारी कुऱ्हाड घेतलेला मदतनीस. आता हसणं बंद, कारण पाण्याखाली एक मिनिट म्हणजे काय, ते प्रत्येकाच्या छातीला नुकतंच कळलेलं असे. कॅनची गळपट्टी कुलपांसकट अख्खी वर उचलता येत असे, गुपित एवढंच. ते साधं म्हणूनच पक्कं होतं. तरी १९११ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी एका मद्यनिर्मात्यानं कॅन बिअरनं भरण्याचं आव्हान दिलं, आणि दारूला न शिवणारा हूडिनी आत गुंगला. मदतनिसानं बाहेर ओढला म्हणून वाचला.

कुऱ्हाडवाला नुसता शोभेचा नव्हता, हे त्या दिवशी दिसलं. थिएटराबाहेर मात्र असा माणूस हाताशी असतोच असं नाही. १६ जून २०१९ रोजी कोलकात्याचे जादूगार चंचल लाहिरी साखळदंडांनी बांधून घेऊन हावडा पुलाजवळ हुगळीत उतरले, ते हूडिनीचाच खेळ करायला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह मिळाला. त्यांनी २०१३ मध्येही याच नदीत पिंजऱ्यातून सुटण्याचा खेळ केला होता. तेव्हा पिंजऱ्याचं दार लोकांना दिसलं आणि चिडलेल्या गर्दीनं त्यांना गाठलं होतं. थिएटरात पाणी मोजकं असतं, पडदा आपला असतो, माणूस हाकेवर असतो. नदीला यातलं काही लागू नाही, आणि खाली काय चाललंय ते काठावरच्या कुणालाही दिसत नाही.

हूडिनीचा सगळ्यात देखणा खेळ म्हणजे दर्शनी बाजूला काच असलेली पाण्याची पेटी. पाय खोड्यात अडकवून उलटं आत सोडायचं. नक्कल होऊ नये म्हणून १९११ मध्ये त्यानं इंग्लंडात हा खेळ आधी एकांकिका म्हणून एका प्रेक्षकासमोर केला, म्हणजे नाटकाचे हक्क लागू झाले. कायद्यालाही त्यानं खोड्यात घातलं म्हणायचं! सर्कस बुश, बर्लिन इथं २१ सप्टेंबर १९१२ रोजी हा खेळ लोकांसमोर आला आणि पुढची चौदा वर्षं चालला.

११ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत याच खोड्यात त्याचा घोटा मोडला. विश्रांती घ्यायची सोडून तो माँट्रियलला खेळ करायला गेला. तिथं २२ तारखेला तो आपल्या खोलीत कोचावर पडला असताना एका विद्यार्थ्यानं विचारलं, पोटावरचे ठोसे तुम्ही सहन करता हे खरं का? आणि हूडिनीला उठून पोट आवळायची संधी मिळण्याआधीच ठोसे बसले. पुढचे दोन दिवस वेदना लपवत, २४ ला डेट्रॉइटच्या गॅरिक थिएटरात ४० अंश तापात त्यानं प्रयोग केला. शस्त्रक्रियेत अपेंडिक्स फुटलेलं निघालं. ३१ ऑक्टोबरला, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो गेला.

ठोशानं अपेंडिक्स फुटतं हे आजचे डॉक्टर सहसा मान्य करत नाहीत. दुखणं आधीचं असावं आणि ठोशाच्या दुखण्याखाली ते झाकलं गेलं असावं. विमा कंपनीनं मात्र अपघाती मृत्यू धरला आणि बेसला विम्याची दुप्पट रक्कम मिळाली. पेट्या, कुलपं, कॅन हे सामान हार्डीनकडे गेलं. त्यानं भावाचे खेळ पुढे बरीच वर्षं केले.