दिवेलागणीच्या आत

मी बँकेत लागलो १९८१ साली. तेव्हा संगणक नव्हता. सहामाही आली की जाडजूड खातेवह्या उघडून व्याज काढायचे आणि बेरजा जुळेपर्यंत घरी जायचे नाही, असा शिरस्ता होता. सहकारी यंत्राची बटणे दाबत. मी तोंडातल्या तोंडात गुणगुणत असे. एका रात्री शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, ‘काय हो, कुठलं भजन म्हणताय?’

‘भजन नाही, पावकी म्हणतोय,’ मी सांगितले. साडेबारा टक्के म्हणजे पावकीची निमकी. ती चालीवर म्हटली की उत्तर आपोआप जिभेवर येते. ही चाल आमच्या गुरुजींची.

तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून दोन कोसांवर आमचे गाव. जिल्हा परिषदेची शाळा, तीन खोल्या, एक लिंबाचे झाड. गुरुजींचे स्वतःचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेले, आणि शिकवायचे मराठीतून. त्यामुळे मराठीचा एकेक शब्द ते नव्याने मिळालेल्या जिनसेसारखा जपून वापरत. दशमान नाणी येऊन दहा वर्षे होत आली होती, तरी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळे त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतले, तेही गाऊन. छडी शाळेत होती, पण ती फळ्यावरचे नकाशे दाखवायला.

पाढा चुकला की ते बोटाने आमच्या डोक्यावर टकटक करीत, कान लावून ऐकल्यासारखे करीत आणि म्हणत, ‘कच्चं आहे. अजून भाजायचंय.’ सगळा वर्ग हसे. ज्याचे डोके कच्चे ठरले, तोही हसे.

ही खूण अर्थातच गोरोबाकाकांची. तेर हे त्यांचे गाव. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये त्यांनी समाधी घेतली, ती इथेच, तेरणेच्या काठी. संतमंडळींत वडील, म्हणून ‘काका’. थापटण्याने डोकी पारखून नामदेवांनाच कच्चे मडके ठरवणारा हा कुंभार आमच्या भागात देवापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वावरतो. गुरुजी दरवर्षी आम्हाला तेरला नेत. पावसाळ्यानंतर पांढरीच्या टेकाडांवर जुने मणी, खापरे सापडत. ती हातात देऊन ते सांगत, ‘हे तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जायचं. एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय.’ मग आम्हाला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तू दाखवायला नेत. शेवटी मंदिरात बसून एक अभंग म्हणत.

तो गळा कसा होता, हे कागदावर सांगता येत नाही. भरदार होता, पण दांडगा नव्हता. पंचक्रोशीतले भजनी त्यांना ‘बुवा’ म्हणत आणि सप्ताहाची पत्रिका छापताना त्यांचे नाव मोठ्या टायपात घालत. गुरुजी जात, गात, पण दिवेलागणीच्या आत घरी परतत. रात्रीचा जागर त्यांनी कधी स्वीकारला नाही. आणखी एक गोष्ट साऱ्यांना ठाऊक होती. चैत्र वद्यातल्या यात्रेत कीर्तनकार गोरोबाकाकांच्या बाळाचे आख्यान लावू लागले की गुरुजी टाळ खाली ठेवीत आणि उठून नदीकडे जाऊन बसत. नामात दंग होऊन चिखल तुडवताना काकांच्या पायाखाली स्वतःचे रांगते मूल आले, ही ती कथा. तिच्यावर बायाबापड्या पदर डोळ्यांना लावीत. गुरुजींना ती ऐकवत नसे.

१९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. पुढे कोणीतरी गुरुजींकडून अर्ज भरून घेतला. स्वरचाचणीचे बोलावणे आले. गावाने पारावर पेढे वाटले. परभणीला जायचे म्हणजे बार्शी लाइटची छोटी गाडी धरून लातूर, तिथून पुढे आणखी प्रवास. दोन रात्री तरी बाहेर. काकूंनी धोतरजोडी घडी करून पिशवीत भरली होती. गुरुजींनी ती पिशवी खुंटीला तशीच राहू दिली आणि पोस्टकार्ड लिहून नकार कळवला. ‘गळा वाया घालवला,’ असे गाव म्हणाले. मीही पुढे कित्येक वर्षे तेच म्हणत राहिलो.

१९७२च्या दुष्काळात गावातली निम्मी माणसे खडी फोडायला गेली. घरात मिलोची लाल भाकरी, कामावर सुकडी. लेकरे आईबापांमागे कामावर गेली आणि शाळा ओस पडली. मग शाळा सुटल्यावर गुरुजीच तिकडे जाऊ लागले. खडीच्या ढिगाशेजारी पोरे बसवून ते सवायकी सांगत. फोडणाऱ्या बायाही हातोड्याच्या ठेक्यावर ती म्हणू लागल्या. त्यातल्या एकीने पुढे मुकादमाच्या हिशेबात दीड रुपयाची चूक काढली. गुरुजी ही हकिकत कुठल्याही बक्षिसापेक्षा अभिमानाने सांगत. मात्र तिथूनही ते दिवस मावळायच्या आत निघत. रात्री त्यांच्या घरातून पेटीचे सूर येत. चुलीपुढे काकू, पुढ्यात तिन्ही मुले. श्रोते एवढेच.

१९९१ मध्ये माझ्या पहिल्या कादंबरीला एक पुरस्कार मिळाला. पेढ्यांचा पुडा घेऊन मी गुरुजींकडे गेलो. ते निवृत्त झाले होते. मी जरा फुशारकीतच होतो. विचारून बसलो, ‘गुरुजी, तेव्हा परभणीला गेला असतात तर आज केवढं नाव झालं असतं. खंत वाटत नाही?’

‘वाटते की,’ ते म्हणाले. ‘न वाटायला मी काय दगड आहे? अजून रेडिओ लागला की कान तिकडे जातो.’

मग थांबून त्यांनी सांगितले. थोरली मुलगी दोन वर्षांची असताना, श्रावणात, शेजारच्या गावी रात्रभराचे भजन होते. रंग भरला होता. बाहेर पाऊस लागला होता, त्याचेही भान नव्हते. पहाटे निघाले तर नदीला पूर. अलीकडे हे, पलीकडे घर. दुपारी पाणी उतरल्यावर पोचले तेव्हा घराला कुलूप. पोरीला तापात झटके आले होते आणि काकूंनी एकटीने, शेजाऱ्याची बैलगाडी जोडून, भर पावसात तिला दवाखान्यात नेले होते. पोरगी वाचली. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. ‘बोलली असती तर बरं झालं असतं,’ गुरुजी म्हणाले.

आणि मग, पेढ्याचा तुकडा हातात तसाच धरून: ‘गोरोबाकाकांचं लेकरू पांडुरंगानं परत दिलं. आपल्यासाठी कोण येणार?’

मी घरी आलो. त्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत माझ्या पत्नीचे आणि मुलीचे नाव आहे. ती चार वर्षे मी रोज रात्री दार लावून लिहिले. शेजारच्या खोलीत त्या दोघी तेव्हा झोपलेल्या असत की जाग्या, हे मला आठवेना. पुढच्या कादंबऱ्या मी पहाटे लिहिल्या. त्या कमी झाल्या. त्यांतली एखादी बरी झाली असेल, तर तिच्यात गुरुजींचा हात आहे.

२००६च्या पावसाळ्यात गुरुजी गेले. दिवसांना गेलो तेव्हा थोरली मुलगी भेटली. तीही शिक्षिका झालेली. मी म्हणालो, ‘तुझे बाबा फार मोठे गायक होते.’

‘असतील,’ ती म्हणाली. ‘लोक म्हणतात. आम्हाला एवढंच माहीत, की रोज रात्री ते घरी गायचे.’

खुंटीवर ती कापडी पिशवी अजून होती. काकू तिच्यात वाती ठेवीत असत.