नव्या मत्स्यटांकीचे पहिले सहा आठवडे

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत नवी मत्स्यटांकी मांडली जाते, तळाशीं माती आणि वाळू पसरली जाते, तींत हिरवीं रोपें लावलीं जातात, आणि नळाचें पाणी भरून दिवा लावला कीं घरांतील लहानथोर सारे तिच्यापुढें जमतात. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसतें. इतक्या स्वच्छ पाण्यांत मासे सुखानें राहतील, अशी कोणाचीही समजूत व्हावी. दुसऱ्याच दिवशीं बाजारांतून आठदहा मासे येतात. पुढच्या आठवड्यांत मात्र ते पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागतात, एकामागून एक मरतात, आणि मागें उरलेल्या टांकीच्या कांचेवर तपकिरी लेप चढतो. मुलें हिरमुसतात, वडील माणसें विक्रेत्याला, पाण्याला किंवा नशिबाला बोल लावतात. वस्तुतः दोष बहुधा यांपैकीं कोणाचाच नसतो. टांकी स्वच्छ होती, पण ती अद्याप जिवंत झालेली नव्हती. आणि माशाला लागणारें पाणी नुसतें स्वच्छ असून भागत नाहीं.

हा अनुभव टांकीइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें सुमारें बारा गॅलनांच्या एका कांचपात्रांत दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचें रोप ठेवलें. मासे श्वासावाटे जो कर्बवायु सोडतील तो वनस्पति घेईल, आणि वनस्पति जो प्राणवायु सोडील तो माशांना मिळेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. आरंभीं सारें सुरळीत चाललें. पण थोड्याच काळांत रोपाचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें पात्रांत तळ्यांतील कांहीं गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व तो थर खाऊन टाकला, पाणी निवळलें, आणि गोगलगाईंचीं अंडीं माशांच्या खाद्यांत जमा झालीं. १८५० सालीं त्यानें ही हकीकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडली. तीनच वर्षांनीं, म्हणजे १८५३ सालीं, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयानें लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें.

वॉरिंग्टनचा हिशेब चुकीचा नव्हता, परंतु अपुरा होता. मासा केवळ कर्बवायु सोडीत नाहीं. त्याच्या शरीरांतील प्रथिनांच्या विघटनानें अमोनिया तयार होतो, व तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत पाण्यांत उतरत असतो. न खाल्लेलें अन्न आणि कुजणारीं पानें त्यांत भरच घालतात. नदींत किंवा मोठ्या तळ्यांत हा अमोनिया अफाट पाण्यांत विरून जातो. कांचेच्या चार भिंतींत त्याला जायला वाटच नसते. मग तो जातो कोठें?

या प्रश्नाचा धागा मत्स्यटांकींत नव्हे, तर सांडपाण्यांत सापडला. १८७७ सालीं श्लेझिंग आणि म्यूंट्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस त्यांत कांहींच फरक दिसला नाहीं. त्यानंतर मात्र अमोनियाचें नायट्रेट होऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें काम थांबलें. ज्याला गुंगीच्या औषधानें खीळ बसते तें नुसतें रासायनिक कार्य नसून कोणा सजीवाचें असलें पाहिजे, हें उघड झालें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते सजीव, म्हणजे नत्रीकरण करणारे जीवाणु, वेगळे करून दाखविले. त्यांचें काम दोन टप्प्यांनीं चालतें. एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो, आणि दुसरा वर्ग नायट्राइटचें नायट्रेट करतो. गोड्या पाण्याच्या टांकींत दुसरें काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जीवाणु करतात, असें १८९० नंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १९९८ सालीं, दिसून आलें. आणि दोन्ही टप्पे एकट्यानें पार पाडणारे नायट्रोस्पायरा २०१५ सालीं उजेडांत आले.

त्या फ्रेंच नळींतील वीस दिवसांचा विलंब हेंच नव्या टांकीच्या संकटाचें मर्म आहे. साधे जीवाणु अनुकूल स्थितींत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात; नत्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठीं कित्येक तास, कधीं पुरा दिवस लागतो. त्यामुळें त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे जातात. मासे पहिल्याच दिवशीं आले, तर ते या कामगारांच्या आधीं येऊन पोंचतात. अमोनिया कल्ले जाळतो. आणि पहिला वर्ग कामाला लागून दुसरा अद्याप आला नसेल तर नायट्राइट सांचतें. तें रक्तांतील हिमोग्लोबिन निकामी करतें, व भोंवतीं प्राणवायु असूनही मासा गुदमरतो. पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडणारा मासा बहुधा हेंच सांगत असतो.

अमोनियाची विषारी शक्ति सर्व पाण्यांत सारखी नसते. पाण्यांत त्याचीं दोन रूपें असतात: एक मुक्त अमोनिया, जो घातक असतो, आणि दुसरें अमोनियम, जें बरेंच सौम्य असतें. २५ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाला पाण्याचा पी. एच. ७ असेल, तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपांत असतो; पी. एच. ८ असेल, तर तोच भाग पांच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें दुष्फेन पाणी वापरणाऱ्यानें अमोनियाविषयीं अधिकच दक्ष असावें. उलट पावसानें भरणाऱ्या तलावांचें सुफेन पाणी वापरणाऱ्यानें पी. एच. फार खालीं जात नाहीं ना, हें पाहावें. कारण नत्रीकरणांत पाण्यांतील क्षार खर्ची पडतो, आणि पी. एच. ६ च्या आसपास उतरला कीं जीवाणूंचें काम मंदावतें.

तेव्हां उपाय एकच. कामगार आधीं आणावेत आणि पाहुणे मागून. टांकीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३६ धरली तर तींत सुमारें ६५ लिटर पाणी मावतें. माती व दगड वजा जातां ५० लिटर उरतें. माशांच्या जागीं जीवाणूंना खाद्य म्हणून दर लिटरला सुमारें २ मिलिग्रॅम अमोनिया द्यावा. कल्हईवाल्याच्या नवसागरानें हें काम होतें, कारण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र बाजारी नवसागरांत भेसळ असते, म्हणून प्रयोगशाळेंत वापरला जाणारा शुद्ध नवसागर घ्यावा. ५० लिटर पाण्याला त्याचा सुमारें ०.३ ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच, पुरतो. तळाशीं खतयुक्त तयार माती घातली असेल तर ती स्वतःच पहिले कांहीं आठवडे अमोनिया सोडते. अशा टांकींत नवसागर मुळींच घालूं नये.

कांचनळींत थेंब टाकून रंग पाहण्याचीं परीक्षाद्रव्यें दुकानांत मिळतात. दर दोन-तीन दिवसांनीं केलेली नोंद एका वहींत ठेवली कीं साऱ्या घडामोडी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. प्रथम अमोनिया चढलेला दिसतो. मग तो उतरूं लागतो व नायट्राइट चढतें. अखेरीस तेंही उतरतें आणि नायट्रेट तेवढें वाढत राहतें. एके दिवशीं दिलेला अमोनिया चोवीस तासांत नाहींसा होऊन नायट्राइटही शून्य दिसलें, म्हणजे टांकी तयार झाली असें समजावें. मग अर्ध्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट खालीं आणावें आणि दोन-तीनच मासे सोडावेत. पुढचे मासे आठवड्याच्या अंतरानें यावेत. कारण जीवाणूंची संख्या खाद्याच्या मानानेंच वाढते, आणि एकदम दुप्पट भार पडला तर जुन्या टांकींतही तेंच संकट पुन्हां उद्भवतें.

हा काळ कमी करतां येतो. रोगमुक्त, जुन्या टांकीच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्यें बसविला तर विरजण लावल्यासारखें काम होतें. हे जीवाणु पाण्यांत तरंगत नाहींत. स्पंज, वाळू, दगड आणि पानें यांना चिकटून राहतात. म्हणून जुनें पाणी आणून फारसा लाभ नाहीं, आणि टांकींतील पाणी बदलल्यानें त्यांची हानिही होत नाहीं. हानि होते ती क्लोरीननें. नळाचें पाणी क्लोरीननाशक द्रव घालूनच वापरावें. रात्रभर उघडें ठेवल्यानें क्लोरीन उडून जातो, परंतु क्लोरॅमाइन जात नाहीं. फिल्टरचा स्पंज नळाखालीं धुणें म्हणजे महिनाभराची कमाई मोरींत सोडणें होय. टांकींतून काढलेल्या पाण्यांत तो हलकेच पिळावा.

वनस्पतींनीं भरलेल्या टांकीला आणखी एक आधार असतो. वनस्पति अमोनियम थेट शोषून घेतात. पहिल्याच दिवशीं झपाट्यानें वाढणारीं रोपें दाट लावलीं तर जीवाणूंची वाट पाहतांना बराच भार तींच उचलतात. पण येथें एक फसगत होते. रोपवाटिकांतून पुष्कळशीं रोपें पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढविलेलीं असतात. पाण्यांत बुडतांच त्यांचीं जुनीं पानें गळतात. क्रिप्टोकोरीन तर कधीं मुळापर्यंत विरघळल्यासारखें दिसतें. रोप मेलें असें समजून तें उपटूं नये. कुजकीं पानें काढून टाकावींत आणि मुळें तशींच राहूं द्यावींत; नवीं पानें पाण्याला साजेशीं फुटतात.

याच उणीवेच्या काळांत शेवाळ शिरकाव करतें. रोपें अद्याप रुजलेलीं नसतात, पाण्यांत अमोनिया असतो, आणि हौसेनें दिवा दहा-बारा तास जळत असतो. शेवाळाला याहून चांगला मोसम तो कोणता? सर्व शेवाळ मात्र एका जातीचें नसतें, आणि ओळख पटल्यावांचून उपाय करणें व्यर्थ होय. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कांचेवर व पानांवर जी तपकिरी भुकटी बसते ती डायटम या सूक्ष्म जीवांची असते. त्यांचीं कवचें सिलिकेचीं असतात. बोटानें पुसतांच ती निघते, आणि टांकी मुरत जाईल तशी बहुधा आपोआप नाहींशी होते. त्यानंतर हिरवे ठिपके किंवा हिरवे धागे दिसतात. धागे दांत घासण्याच्या जुन्या ब्रशाभोंवतीं गुंडाळून काढावेत. सारें पाणीच हिरवें झालें, तर तें तरंगतें शेवाळ होय. तीन-चार दिवस टांकी जाड कापडानें झांकून अंधारांत ठेवली तर बरेंच ओसरतें, मात्र नंतर पाणी बदलावें. निळसर हिरवा, बुळबुळीत, उग्र वासाचा पापुद्रा पसरला, तर तें शेवाळच नव्हे. तो प्रकाशावर जगणारा जीवाणु आहे. तो नळीनें ओढून काढावा, साचलेल्या जागीं पाण्याचा प्रवाह पोंचवावा आणि अंधाराचाच उपाय करावा. प्रतिजैविक औषधें घालणें धोक्याचें, कारण तीं उपकारक जीवाणूंनाही सोडतीलच असें नाहीं.

उपायांहून पथ्य मोठें. पहिले कांहीं आठवडे दिवा सहाच तास ठेवावा, रोपें धरल्यावर तो आठ तासांपर्यंत न्यावा. आणि हें काम माणसाच्या आठवणीवर न सोडतां टायमरवर सोंपवावें. खिडकींतील ऊन टांकीवर पडूं देऊं नये. खतयुक्त माती असेल तर पहिल्या आठवड्यांत दोन-तीन वेळां अर्धें पाणी बदलावें, पुढें हळूहळू आठवड्यांतून एकदांवर यावें. शेवाळाची उपासमार करण्यासाठीं रोपांचेंही खत तोडणें हा उलटा उपाय आहे. शेवाळाला फार थोडें पुरतें, आणि उपासानें आधीं रोपेंच खंगतात. टांकी तयार झाल्यावर वॉरिंग्टनच्या गोगलगाईंचाही उपयोग करून घ्यावा. जपानमधील ताकाशी अमानो यानें वनस्पतींच्या टांक्यांची जी नवी पद्धति रूढ केली, तींत हेंच काम त्यानें लहान गोड्या पाण्यांतील कोळंबीवर सोंपविलें. परंतु कोळंबी अमोनियाला माशांपेक्षांही हळवी. तिला शेवाळ पुसायला म्हणून कच्च्या टांकींत सोडणें म्हणजे तिचा जीव घेणें होय.

सहा आठवडे नुसत्या पाण्याकडे आणि रोपांकडे पाहत बसणें कठीण आहे, विशेषतः घरांत मुलें असतील तर. परंतु तो वेळ वायां जात नाहीं. वहींतील आंकडे मुलांनींच लिहावे. गढूळलेलें पाणी निवळतांना, गळलेल्या पानाशेजारीं नवें पान फुटतांना त्यांनीं पाहावें. नदींतला मासा वाईट पाण्यांतून चांगल्या पाण्याकडे निघून जाऊं शकतो. टांकींतल्या माशाला तें करतां येत नाहीं. त्याच्यासाठीं जें पाणी निवडलें जाईल तेंच त्याचें सारें जग. तें जग राहण्याजोगें झालें आहे कीं नाहीं, एवढें विचारून मगच त्याला घरीं आणावें.