सॉफ्टवेअर मॅनेजर बिघडलाय की नुसता थांबलाय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा असावा लागतो. त्यामुळे आमच्या शहरात सिडको-हडकोतल्या घरांत, औरंगपुऱ्यातल्या क्लासेसमध्ये, वाळूजच्या छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसांत धडधाकट चालणारे पीसी एका दिवसात जुने ठरले. त्यातल्या काहींवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू आले. ओळखीतल्या लोकांना मी ते बसवून देतो. आठ-दहा दिवसांत फोन येतो तो बहुधा असा : “सर, सॉफ्टवेअर मॅनेजर बिघडला. फॉरमॅट मारू का?”

नका मारू. दहातल्या नऊ वेळा तो बिघडलेला नसतो, थांबलेला असतो. आणि का थांबला ते त्याने पडद्यावर लिहिलेलेही असते. आपल्याला ती खिडकी न वाचताच बंद करायची सवय लागलेली आहे.

सगळ्यात जुना समज असा की लिनक्सवर काहीही टाकायचे तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्याच लागतात. हे खरे नाही, आणि आजच नव्हे तर वीस-पंचवीस वर्षांपासून खरे नाही. ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीत आल्फ्रेडो कोजिमा यांनी २००१मध्ये सिनॅप्टिक लिहायला घेतले. यादीतून नाव निवडा, खूण करा, ‘अप्लाय’ दाबा, एवढेच त्यात काम. उबुंटूने २००९मध्ये आपले सॉफ्टवेअर सेंटर आणले, मिंटचा स्वतःचा सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, केडीईचे डिस्कव्हर आहे. मिंटमध्ये सिनॅप्टिक आधीपासून असते. उबुंटूत ते २०११पासून सोबत येत नाही, पण हवे तर टाकता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सिनॅप्टिकवरचा धडा मराठीतही आहे. शिकणाऱ्याला मी आधी तो ऐकायला सांगतो, कारण आपल्या भाषेत एकदा ऐकले की भीती निम्मी होते.

दुसरा समज विंडोजच्या सवयीतून आलेला : गुगलवर नाव शोधा, सेटअप उतरवा, नेक्स्ट-नेक्स्ट करा. सॉफ्टवेअर मॅनेजर यापेक्षा वेगळ्या रीतीने चालतो. तो मिंट-उबुंटूसारख्या वितरणाच्या भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून माल आणतो. त्या भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा ठसा नोंदलेला असतो. उतरलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर ती बसवली जात नाही. शिवाय एका अपडेटमध्ये सगळी सॉफ्टवेअर ताजी होतात. अनोळखी साइटवरून आणलेल्या फाइलला यातले काहीच संरक्षण नसते. अधिकृत साइटचाही डोळे मिटून भरवसा धरू नये. फेब्रुवारी २०१६मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या साइटवर घुसखोरी झाली आणि थोडा वेळ लोकांना छेडछाड केलेली आयएसओ फाइल मिळत होती. म्हणून लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह बनवण्याआधी चेकसम आणि सही तपासायची.

“व्हीएलसी दोनदा दिसतंय, त्यातलं एक डुप्लिकेट आहे का?” हाही नेहमीचा प्रश्न. डुप्लिकेट नाही. एक सिस्टिम पॅकेज असते आणि दुसरे फ्लॅटपॅक, म्हणजे फ्लॅटहबवरून आपला बाडबिस्तरा सोबत घेऊन येणारे. फ्लॅटपॅकमध्ये आवृत्ती बहुधा नवी मिळते, पण पहिल्यांदा घेताना रनटाइमही उतरवावा लागतो आणि तो शेकडो एमबींचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा असणाऱ्याने सिस्टिम पॅकेज घ्यावे. मिंट २२पासून, ज्यांच्या निर्मात्याची पडताळणी झालेली नाही अशी फ्लॅटपॅक आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय दिसत नाहीत. हवे ते नाव सापडले नाही तर मॅनेजर अर्धवट आहे असे समजू नका, आधी ती सेटिंग बघा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला की कुणीतरी व्हिडिओ पाहून सांगतो : लॉकची फाइल डिलीट करा. अजिबात करू नका. कोणते पॅकेज बसले आणि कोणते अर्धवट आहे याची एकच वही यंत्रात असते. एक मुनीम त्या वहीत लिहीत असेल तर दुसऱ्याने थांबायचे, एवढाच त्या लॉकचा अर्थ. उबुंटूत सुरक्षेची अपडेट्स आपोआप चालतात, बऱ्याचदा यंत्र सुरू केल्याकेल्याच. अशा वेळी मॅनेजर उघडला की लॉक आडवे येते. पाच-दहा मिनिटे, जुन्या हार्डडिस्कवर अर्धा तास थांबा. दुसरीकडे सिनॅप्टिक किंवा अपडेट मॅनेजर उघडा असेल तर तो बंद करा. लॉक तोडले तर दोघे मिळून एकाच पानावर खरडतात आणि मग खरोखरच बिघाड होतो.

मधेच वीज गेली तर? उन्हाळ्यात हे होतेच आणि यूपीएस सगळ्यांकडे नसतो. पॅकेज बसता बसता यंत्र बंद पडले की पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश येतो. त्याच संदेशात कोणती आज्ञा द्यायची ते अक्षर न् अक्षर लिहिलेले असते. टर्मिनल उघडून तेवढी एक ओळ जशीच्या तशी टाइप करायची. राहिलेले काम जिथे थांबले तिथून ती पुढे नेते. तरी काही तुटलेले राहिले तर सिनॅप्टिकच्या ‘एडिट’ मेनूत ‘फिक्स ब्रोकन पॅकेजेस’ आहे. ओळखीच्या एका क्लासवाल्यांनी हे न करता पीसी दुरुस्तीला टाकला. दुकानदाराने विचारपूस न करता फॉरमॅट मारला आणि मुलांच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. ती एक ओळ टाइप करायला मिनिटही लागले नसते. हे आठवले की अजून जिवाला लागते.

यादी उतरायला फार वेळ लागत असेल तर मिंटच्या ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये मिरर, म्हणजे भांडाराची प्रत ठेवणारा सर्व्हर, बदलता येतो. मिररांचा वेग मोजून त्यांची यादी तिथेच पुढे येते. कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझर चालतो आणि मॅनेजर चालत नाही, तेव्हा प्रॉक्सी बघा. सिनॅप्टिकमध्ये ती ‘प्रेफरन्सेस’च्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये वेगळी भरावी लागते.

“त्यात सगळं मिळतं” हाही गैरसमजच. टॅली त्यात नाही, ऑटोकॅड नाही. ज्यांचा धंदा टॅलीवर आहे त्यांना मी लिनक्स घ्या म्हणत नाही. मराठी टायपिंगला मात्र काही अडत नाही : लोहित देवनागरीसारखे फॉन्ट भांडारातच आहेत आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.

एक प्रसंग मला बराच वेळ उलगडत नव्हता. एका वसतिगृहाच्या छोट्या ग्रंथालयातला पीसी. सुट्टीत दीड महिना बंद होता, जूनमध्ये उघडला. ग्रंथपाल म्हणाले, “काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत, आणि मॅनेजर तर यादीच घेत नाही.” मी मिरर बदलला, केबल बदलली. मग संदेश नीट वाचला : भांडाराची यादी ‘नॉट व्हॅलिड यट’, अजून लागूच झालेली नाही. कोपऱ्यातल्या घड्याळावर मे महिन्याची सुरुवात होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. यंत्र शेवटचे बंद झाले त्या तारखेलाच ते अडकले होते. जूनमध्ये सही झालेली यादी त्याला भविष्यातली वाटत होती. ज्या साइटचे प्रमाणपत्र मधल्या काळात नवे झाले होते त्यांनाही ते त्याच कारणाने नाकारत होते. एरवी इंटरनेट मिळाले की घड्याळ आपोआप जुळते, पण तिथल्या नेटवर्कवर वेळ जुळवणारी वाट बंद ठेवलेली होती.

पैठण गेटजवळून सेल आणला, हाताने तारीख लावली, यादी ताजी केली आणि अपडेट सुरू झाले. ते उतरेपर्यंत ग्रंथपालांनी कागदाची पट्टी कापली, सेल बदलल्याची तारीख लिहिली आणि कॅबिनेटच्या बाजूला, पुस्तकांना क्रमांक लावतात तसाच डिंक लावून, चिकटवून टाकली.