ब्लू-रे प्लेअर आवाजासाठी घ्यायचाय? मग किमतीआधी मागची पिनं बघा

सांगलीचा विषय निघाला की १८४३ सालचं विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ निघतंच. शेजारच्या मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिकडे साताऱ्यात वाईजवळच्या मेणवलीत ‘स्वदेस’चं शूटिंग झालं. थोडक्यात काय, तर नाटक, गाणं आणि सिनेमा या तिन्हींचा नाद असलेला हा कृष्णाकाठ.

आता अशा नादिक माणसाने घरी होम थिएटर बसवलं, की पुढचा प्रश्न येतो तो प्लेअरचा. ओटीटीपेक्षा भारी आवाज हवा, तर कुठला ब्लू-रे प्लेअर घ्यायचा? जास्त पैसे टाकले की आवाज सुधारतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण विषय तसा नाहीये.

मुळात डिस्कचा आवाज वेगळा का?

डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल आवाज जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिट इतका असतो. नेटफ्लिक्सचा अ‍ॅटमॉस ७६८ किलोबिटपर्यंत जातो. दोन्हींमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकलेला असतो.

ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. त्यामुळे त्यावर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ देता येतो. यात आवाज दाबून भरलेला असला, तरी उलगडल्यावर मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं मिळतं. ट्रूएचडीची मर्यादा आहे सेकंदाला १८ मेगाबिट. तंबोऱ्याची जवारी, त्यातून उठणारे बारीक स्वर, किंवा पावसाचा आवाज अशा ठिकाणी हा फरक जाणवू शकतो. अर्थात छोट्या हॉलमध्ये, साध्या स्पीकरवर तो फार मोठा नसतो, हेही खरं.

मग महागडा प्लेअर घ्यायचा का?

एचडीएमआयने जोडणार असाल, तर गरज नाही. कारण तेव्हा प्लेअर फक्त डिस्कवरचा डेटा वाचतो आणि पुढे पाठवतो. तो उलगडून आवाज तयार करण्याचं काम एव्ही रिसीव्हर करतो. डेटा तोच असेल, तर स्वस्त आणि महाग प्लेअरचा आवाजही तोच.

अपवाद एकच. तुमचा रिसीव्हर जुना असेल, त्याला एचडीएमआय नसेल, पण मागे ५.१ अ‍ॅनालॉग इनपुटची सहा पिनं असतील, तर तशीच सहा आउटपुट असलेला प्लेअर शोधावा लागतो. इथे आवाज प्लेअर स्वतः तयार करतो, म्हणून त्याचा दर्जा महत्त्वाचा ठरतो.

खरी गोम जोडणीत आहे

ऑप्टिकल वायरने ट्रूएचडी किंवा मास्टर ऑडिओ जातच नाही. जातो तो डीव्हीडीच्याच जातकुळीतला दाबलेला ५.१ आवाज, किंवा साधा स्टिरिओ. लाल-पांढऱ्या पिनांनी तर फक्त स्टिरिओ. म्हणजे तुमच्या होम थिएटरला एवढ्याच सोयी असतील, तर ब्लू-रेचे पैसे चित्रासाठी गेले असं समजा.

टीव्हीमार्गे आवाज न्यायचा असेल, तर एआरसी आणि ई-एआरसी यातला फरक बघा. ट्रूएचडी ई-एआरसीवरूनच जातो, आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत. त्यामुळे सोपा मार्ग म्हणजे प्लेअरची वायर थेट रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला. रिसीव्हर ४के चित्र पुढे पाठवत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर घ्या. एक टीव्हीला, एक रिसीव्हरला.

मग सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ करा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद ठेवा. ते चालू राहिलं, तर चांगल्या डिस्कचाही आवाज साधा होऊन बाहेर पडतो.

नाटकांच्या व्हीसीडींचं काय?

मराठी नाटकं आणि सिनेमे प्रामुख्याने व्हीसीडी-डीव्हीडीवर आले, ब्लू-रेवर अगदी मोजके. व्हीसीडीचा आवाज दोनच चॅनेलचा, २२४ किलोबिटचा. कुठलाही प्लेअर त्याचा खरा ५.१ करू शकत नाही. शिवाय प्रत्येक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतोच असं नाही, म्हणून दुकानात जाताना घरची एक डिस्क सोबत न्या.

पोरगं अमेरिकेतून डिस्क आणणार असेल, तर अजून एक घोळ. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात आणि अमेरिका ‘ए’ विभागात येते. विभागाचं कुलूप असलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही. ४के ब्लू-रेला मात्र हे कुलूप नसतं.

आता घेण्यात अर्थ आहे का?

ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं. पुढच्याच वर्षी सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारात नवे मॉडेल आणणं बंद केलं. पर्याय कमी होत चाललेत, म्हणून सेकंडहँडकडे ओढा वाढणार. सांगलीत असा सेट घेताना २०१९ किंवा २०२१ च्या पुरात तो भिजला होता का, हे आवर्जून विचारा. महाबळेश्वर-पाटणकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत पडून राहिलेला असेल, तर एक अख्खा सिनेमा लावून बघा.

रिसीव्हर एचडीएमआयचा असेल आणि ब्लू-रे डिस्क खरंच विकत घेणार असाल, तर साधा प्लेअरही पुरतो. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, विशेषतः मधल्या स्पीकरवर. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात.