बागेतील विजेची गाडी : जुनीचा दाब वाढवावा, की अलीकडची गाडी घ्यावी?

गोल्फ या खेळाच्या विस्तीर्ण मैदानांवर खेळाडूंची व त्यांच्या साहित्याची ने-आण करण्यासाठी अमेरिकेत बॅटरीवर चालणाऱ्या लहान गाड्या प्रचारात आल्या. तेथील जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा या शहरी १९५४ साली ई-झेड-गो ही कंपनी याच कामासाठी स्थापन झाली. धूर नाही, आवाज अल्प आणि चालविण्यास सोपी, या गुणांमुळे ही गाडी पुढे मैदानाबाहेर पडली. मोठ्या फळबागा, रोपवाटिका आणि पाहुण्यांना शेत दाखविणारी कृषी पर्यटन केंद्रे यांनाही ती सोयीची ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. तेव्हापासून असे केंद्र चालविणाऱ्या शेतकऱ्यापुढे वृद्ध पाहुण्यांना बागेच्या टोकापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न अधिकच येतो. अशा वेळी वापरलेली जुनी गाडी स्वस्तात घेण्याकडे साहजिकच कल असतो.

अशी जुनी गाडी बहुधा ३६ व्होल्टची असते. काही दिवसांनी ती चढावर थकू लागते, दुपारनंतर रेंगाळते. मग कोणी सल्ला देतो की, "दाब ४८ व्होल्ट करून घ्या, गाडी नव्यासारखी पळेल." दुसरा म्हणतो, "हिच्यावर पैसा घालू नका, ४८ व्होल्टची अलीकडची गाडी घ्या." यांपैकी कोणता सल्ला मानावा, हे ठरविण्यापूर्वी दाब वाढविल्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

दाब, प्रवाह आणि साठा

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. पाण्याच्या टाकीचा दृष्टान्त घेतला तर टाकीची उंची म्हणजे दाब आणि नळातून वाहणारी धार म्हणजे प्रवाह. गाडीचा वेग मुख्यतः दाबावर अवलंबून असतो. चढ चढण्याचे किंवा ओझे ओढण्याचे बळ मात्र प्रवाहावर अवलंबून असते. ३६ चे ४८ व्होल्ट केले म्हणजे दाब एक-तृतीयांशाने वाढतो आणि सपाटीवरील वेगही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटर जाणारी गाडी सुमारे २६ ते २७ किलोमीटर जाऊ लागते.

परंतु गाडी एका चार्जिंगमध्ये किती चालेल, हे दाबावर नव्हे, तर एकूण साठ्यावर ठरते. येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. शिशाच्या बॅटरीतील प्रत्येक कप्पा सुमारे २ व्होल्ट देतो. म्हणून ६ व्होल्टच्या बॅटरीत ३ कप्पे, तर ८ व्होल्टच्या बॅटरीत ४ कप्पे असतात. ३६ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या काढून त्याच जागी ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या बसविल्या की ४८ व्होल्ट होतात. आता साठ्याचा हिशेब पाहावा. ६ व्होल्टची अशी बॅटरी सामान्यतः २२५ अँपिअर-तासांची असते, ८ व्होल्टची १७० अँपिअर-तासांची.

३६ × २२५ = ८,१०० वॅट-तास, म्हणजे ८.१ युनिट.
४८ × १७० = ८,१६० वॅट-तास, म्हणजे सुमारे ८.२ युनिट.

म्हणजे साठा जवळजवळ तेवढाच राहिला. टाकी उंच झाली खरी, पण तितकीच अरुंदही झाली. उलट, वाढलेल्या वेगाचा उपयोग चालक नेहमी करू लागला, तर तोच साठा पूर्वीपेक्षा लवकर संपतो. ज्याची तक्रार "गाडी दिवसभर पुरत नाही" अशी आहे, त्याला केवळ दाब वाढवून समाधान मिळणार नाही.

आधी दुखणे ओळखावे

गाडी थकण्याचे कारण बहुधा दाब कमी असणे हे नसते. सहा बॅटऱ्या एकाच माळेत असल्याने त्यांपैकी एक जरी दुबळी झाली, तरी सारी माळ तिच्यापाशी अडते. म्हणून कोणताही खर्च करण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

१. गाडी रात्रभर पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवावी व प्रत्येक बॅटरीचा दाब मीटरने वेगवेगळा मोजावा. ६ व्होल्टची सुदृढ बॅटरी सुमारे ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखविते. एखादी बॅटरी इतरांहून स्पष्टपणे मागे असेल, तर दोष तेथे आहे असे समजावे.

२. काही वेळा विसावलेली बॅटरी ठीक दिसते, पण ओझ्याखाली खचते. यासाठी चढावर गाडी चालू असताना सोबतच्या माणसाने मीटर पाहावा. मीटर जोडण्याचे काम गाडी थांबलेली असतानाच करावे.

३. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहावी व ती निर्मात्याने दिलेल्या अंकाशी ताडून घ्यावी. कप्प्याकप्प्यांत मोठी तफावत असणे हे बॅटरी संपत आल्याचे लक्षण होय.

४. गाडी चालवून आल्यावर तारांचे जोड तपासावेत. मुख्य जोडणी तोडल्यानंतरच त्यांना हात लावावा. जो जोड तापतो, तो सैल किंवा गंजलेला असतो आणि तेथे शक्ती वाया जाते.

५. चाकांतील हवा, ब्रेक घासत राहतो काय आणि मोटरीतील कार्बनचे ब्रश झिजले आहेत काय, हेही पाहावे.

या तपासणीत दोष सापडला, तर ३६ व्होल्टच्याच नव्या बॅटऱ्या, नव्या तारा आणि थोडी दुरुस्ती एवढ्याने गाडी पूर्ववत काम देऊ लागते. दाब वाढविणे अथवा गाडी बदलणे या दोन मार्गांपेक्षा हा तिसरा मार्ग बहुधा सर्वांत कमी खर्चाचा असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

दाब वाढवायचा तर काय काय बदलावे लागते

केवळ बॅटऱ्या बदलून काम भागत नाही. मोटरीला जाणारा प्रवाह कमी-जास्त करणारा कंट्रोलर ४८ व्होल्टसाठी बनविलेला असला पाहिजे, अन्यथा तो जळतो. मुख्य प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे वेटोळे ३६ व्होल्टचे असेल, तर तेही बदलावे लागते. ३६ व्होल्टचा चार्जर ४८ व्होल्टची माळ भरू शकत नाही, म्हणून चार्जर नवा घ्यावा लागतो. दिवे व भोंगा १२ व्होल्टचे असल्यास दाब उतरविणारे स्वतंत्र उपकरण लागते. फार जुन्या गाड्यांत वेग बदलण्यासाठी कंट्रोलरऐवजी तापणाऱ्या रोधक तारांची वेटोळी असतात. तशी गाडी असल्यास ती सर्व रचनाच काढून टाकावी लागते.

मोटरीचे काय, असा प्रश्न येईल. जुन्या ३६ व्होल्टच्या पुष्कळ मोटरी ४८ व्होल्ट सहन करतात. परंतु अधिक वेगाने फिरणारी व अधिक ओझे ओढणारी मोटर अधिक तापते. लांब चढावर मोटर हात लावता न येण्याइतकी तापू लागली, तर गाडी थांबवून ती निवू द्यावी. ज्या शेतकऱ्याची अडचण केवळ चढाची आहे, त्याने हेही लक्षात ठेवावे की, अधिक अँपिअर देणारा कंट्रोलर, जाड तारा आणि निरोगी बॅटऱ्या यांनी चढावरील बळ वाढते. त्यासाठी दाब वाढविणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते.

एक चुकीची युक्ती येथे सांगून ठेवणे इष्ट आहे. सहा जुन्या बॅटऱ्या तशाच ठेवून त्यांना १२ व्होल्टची एक निराळी बॅटरी जोडली की बेरीज ४८ होते. पण माळेतील प्रत्येक बॅटरीतून तेवढाच प्रवाह जातो. ही सातवी बॅटरी लहान असल्यास ती सर्वांआधी रिकामी होते आणि उरलेल्या सहा तिच्यातून प्रवाह रेटीतच राहतात. असे काही वेळा घडले की ती कायमची निकामी होते. एका माळेतील सर्व बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वयाच्या असाव्यात, हा नियम मोडू नये.

ब्रेकचा विचार

वेग वाढविणाऱ्याने थांबण्याचाही विचार केला पाहिजे. धावत्या गाडीतील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तर ब्रेकला जो जोर शोषावा लागतो, तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. या जातीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागील चाकांना असतात आणि ते मूळच्या मंद वेगासाठी बनविलेले असतात. बागेतील उतार, ओली माती, मागे बसलेली मुले व वृद्ध माणसे यांचा विचार करता ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ज्या गाडीचे ब्रेक, सुकाणूचे सांधे व सांगाडा पूर्ण सुस्थितीत नाहीत, त्या गाडीचा दाब वाढवू नये. वाढविलाच, तर कंट्रोलरमधील वेगमर्यादा पूर्वीच्याच वेगावर ठेवण्याची सोय करून घ्यावी.

ही गाडी शेताच्या हद्दीतच वापरण्याची आहे. सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी नोंदणी व परवानगी यांविषयी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

अलीकडच्या गाडीचे लाभ

अलीकडच्या ४८ व्होल्टच्या गाडीत कंट्रोलर, तारा व चार्जर मुळातच एकमेकांस जुळते असतात. पुष्कळ नव्या गाड्यांत उतारावर मोटर स्वतःच गाडीला आवरते आणि त्या वेळी थोडी वीज बॅटरीत परत जाते. काही गाड्यांची मोटर ब्रशविरहित असल्याने तिची निगाही कमी लागते.

लिथियम बॅटरीच्या गाड्याही आता मिळतात. ५१.२ व्होल्ट व १०५ अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे ५.४ युनिट साठा असतो. शिशाच्या बॅटऱ्यांतील ८ युनिटांहून हा आकडा लहान दिसतो. पण शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर तिचा अर्धाच साठा, म्हणजे सुमारे ४ युनिट वापरावा लागतो. लिथियममधील चार-पंचमांश साठा, म्हणजे सुमारे ४.३ युनिट, सहज वापरता येतो आणि तिचे वजनही पुष्कळ कमी असते. तिला तिचाच चार्जर लागतो, शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये.

खर्चाची तुलना कशी करावी

एकदम मोजावी लागणारी रक्कम पाहून निर्णय करू नये. दरवर्षी पडणारा खर्च काढावा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब करावा.

पहिला मार्ग, ३६ व्होल्टच्याच नव्या बॅटऱ्या व दुरुस्ती : समजा ८५,००० रुपये लागले आणि बॅटऱ्या ४ वर्षे टिकल्या. वार्षिक खर्च २१,२५० रुपये.

दुसरा मार्ग, दाब वाढविणे : बॅटऱ्या, कंट्रोलर, स्विच, चार्जर, तारा व मजुरी मिळून समजा १,६०,००० रुपये, वापर ४ वर्षे. वार्षिक खर्च ४०,००० रुपये. चार वर्षांनी सांगाडा चांगला राहिला, तर पुढे फक्त बॅटऱ्यांचा खर्च येईल.

तिसरा मार्ग, अलीकडची गाडी : समजा किंमत २,६०,००० रुपये, जुनी विकून ४०,००० रुपये आले, मध्यंतरी एकदा बॅटऱ्यांसाठी ९०,००० रुपये लागले. एकूण ३,१०,००० रुपये. ८ वर्षे वापर धरल्यास वार्षिक खर्च ३८,७५० रुपये.

यावरून दिसेल की, दाब वाढविणे हा मार्ग वरवर स्वस्त वाटला, तरी वर्षाच्या हिशेबाने तो नेहमीच स्वस्त ठरतो असे नाही.

निर्णय कसा करावा

गाडी मूळ वेगाने चालली तरी काम भागत असेल, तर बॅटऱ्या बदलून ३६ व्होल्टच ठेवावे. सांगाडा, ब्रेक व मोटर उत्तम आहेत, बॅटऱ्या तशाही बदलावयाच्याच आहेत आणि लांब अंतरामुळे वेगाची खरी गरज आहे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच दाब वाढविणे हितावह होय. सांगाडा गंजलेला असेल, सुटे भाग मिळत नसतील किंवा गाडीतून रोज पाहुण्यांची ने-आण करावयाची असेल, तर जुन्या गाडीवर खर्च न करता अलीकडची गाडी पाहावी. ती घेतानाही वर सांगितलेली बॅटऱ्यांची तपासणी करूनच किंमत ठरवावी.

काम करताना घ्यावयाची काळजी

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. म्हणून गाडी हवेशीर जागी ठेवावी व जवळ विडी-काडी ओढू नये. काम करण्यापूर्वी अंगठी व कडे काढावे, मूठ झाकलेला पाना वापरावा आणि मुख्य जोडणी आधी तोडावी. कप्प्यांत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे, तेही पूर्ण चार्जिंगनंतर. जुन्या बॅटऱ्यांतील आम्ल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. त्यातील शिसे माती व पाणी दोन्ही नासविते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था आहे. त्या विक्रेत्याकडे द्याव्यात व त्यांची किंमत नव्या बॅटऱ्यांत वजा करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना अशी विचारणा झाल्यास त्यांनी दाबाची चर्चा करण्याआधी शेतकऱ्याबरोबर गाडीपाशी जावे आणि सहाही बॅटऱ्या मोजून पाहाव्यात. मीटर हाती घेऊन घालविलेला अर्धा तास शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचवू शकतो.