बंपर, गार्ड आणि उंचीचा तक्ता

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून लेखाचे पत्र आले की बालरोगतज्ज्ञाने काय लिहायचे हे जणू ठरलेलेच असते. ‘मुलांचा आहार’, ‘लसीकरण : समज आणि गैरसमज’, ‘परीक्षेचा ताण’. हे तिन्ही विषय माझ्याकडून लिहून झाले आहेत आणि ते कोणी वाचले असतील तर फक्त मुद्रितशोधकाने, अशी माझी नम्र समजूत आहे. म्हणून यंदा माझ्या छंदाविषयी लिहावे असे ठरवले. हा छंद चार चाकांवर चालतो, आणि त्यात सर्वांत आधी मोडतो तो गाडीचा बंपर. तो कसा वाचवावा, एवढाच विषय घेऊन लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता पुन्हा बालरोगांतच येऊन पोहोचलो, त्याला माझा इलाज नाही.

नानाखेड्यात राहणाऱ्याला चारही चाकांना ओढ देणारी गाडी कशाला हवी, हा प्रश्न आमच्या घरात बऱ्याच वेळा चर्चिला गेला आहे. बस स्थानकापासून इंदूरपर्यंत चांगला रस्ता आहे, हे मान्य. पण तो सोडून आत वळले की माळव्याची काळी माती सुरू होते. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांनंतर ती चाकाला अशी बिलगते की टायरची नक्षी दिसेनाशी होते. 1995 साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत लसीचे थंड डबे घेऊन सरकारी जीपमधून या मातीत आम्ही तरुण डॉक्टर पुष्कळ फिरलो. त्या जीपचा पुढचा बंपर म्हणजे एक सरळसोट लोखंडी पट्टी. गाडी रुतली की चालक त्यावर पाय देऊन उभा राही, दुपारी त्यावर बसून आम्ही डबा खात असू. तो बंपर वाचवण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

या जीपचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विलिस जीपमध्ये आहे. 1947 मध्ये ती मुंबईत जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी 1945 साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने निघाली होती. त्यातील मोहम्मद, म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. आज त्याच घराण्यातली ‘थार’ नाशिकला तयार होते, तर तिची स्पर्धक ‘गुरखा’ आपल्या शेजारी पीथमपूरला. गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स म्हणजे पुण्याच्या फिरोदियांची जुनी बजाज टेम्पो. म्हणजे वंशावळीने पाहिले तर दोन्ही गाड्या आपल्या मराठी मुलखाच्या नात्यातल्याच.

आजच्या गाडीचा बंपर मात्र त्या लोखंडी पट्टीचा वंशज नाही. बाहेरून दिसते ते प्लास्टिकचे आवरण असते. त्याच्या मागे फोमचा थर, त्यामागे पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची आडवी तुळई, आणि ही तुळई चासीला जोडणाऱ्या दोन पोकळ डब्या. धडक बसली की या डब्या क्रमाने चुरगळाव्यात आणि धक्का त्यांनी स्वतःत जिरवावा अशी ही रचना आहे. अर्भकाच्या टाळूची आठवण व्हावी इतकी ती सुबुद्ध आहे. सारेच कठीण असून चालत नाही. परंतु नाल्यातील धोंड्याला ही सूक्ष्मता समजत नाही. आवरण प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसवलेले असते आणि खालच्या ओठाला दगड लागला की त्या खुंट्या पापड मोडावा तशा मोडतात.

माझी पहिली फजिती गंभीर जलाशयाच्या पलीकडे एका नाल्यात झाली. उतार तीव्र होता, मी सरळ नाक खाली घालून उतरलो आणि समोरचा चढ जिथे सुरू होतो तिथे बंपर मातीत घुसला. मागे घेताना खालचा ओठ फाटला आणि धुक्याचा दिवा तारेला लोंबकळत राहिला. दुरुस्तीचा आकडा ऐकून सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, ‘पेशंट तपासायला गेला होतात की नाला तपासायला?’

यावर सर्वमान्य उपाय एकच होता आणि मी तो केला. 2016 साली एका दुकानातून जाड नळ्यांचा पोलादी गार्ड बसवून घेतला. ‘डॉक्टरसाब, अब पहाड़ से टकरा दो,’ असे आश्वासनही दुकानदाराने दिले. गाडीला रुबाब आला. पार्किंगमध्ये लोक अंतर राखून गाडी लावू लागले. मी खूश होतो.

7 डिसेंबर 2017 रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले : असे गार्ड मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चे उल्लंघन करतात, पादचाऱ्यांना व गाडीतील प्रवाशांनाही धोकादायक आहेत, तरी कारवाई करावी. ते पत्र वर्तमानपत्रात वाचले आणि, खरे सांगायचे तर, पान उलटले. आपण सावकाश चालवतो, आपला गार्ड नाल्यासाठी आहे, माणसांसाठी नाही, असा माझा युक्तिवाद होता. ज्या आईने ताप उतरला म्हणून औषध मध्येच बंद केले, तिच्या युक्तिवादापेक्षा तो फारसा वेगळा नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाच वर्षांचा एक मुलगा आला. बसमधून उतरून आईचा हात सोडून रस्त्यात धावला होता. गाडीचा वेग फार नव्हता. चालक सज्जन होता; त्यानेच मुलाला उचलून आणले आणि बाहेरच्या बाकावर तोंड झाकून बसला. डाव्या मांडीचे हाड मोडलेले, प्लीहेला इजा, कपाळावर मोठी सूज. रस्त्यावर गाडीने उडवलेल्या मुलात मांडी, धड आणि डोके अशा तिन्ही ठिकाणी इजा शोधावी, हे वॉडेलचे त्रिक आपण सारे विद्यार्थिदशेत पाठ करून बसलो आहोत. प्रौढाला बंपर लागतो तो गुडघ्याखाली, आणि तो बॉनेटवर कोसळतो. मुलाला तोच बंपर मांडीला किंवा पोटाला लागतो. गाडीचे तोंड उंच असेल तर धक्का गुरुत्वमध्याच्या वर बसतो आणि मूल बॉनेटवर न येता पुढे, चाकांच्या वाटेवर फेकले जाते. हा मुलगा सुदैवाने बाजूला फेकला गेला. प्लीहेची शस्त्रक्रिया करावी लागली नाही. मांडीसाठी कमरेपासून प्लास्टर घालावे लागले आणि काही महिन्यांनी तो तपासणीला चालत आला.

त्या रात्री बाहेर पडताना त्या गाडीजवळून गेलो. तिला माझ्यासारखाच गार्ड होता. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

घरी पोहोचल्यावर मी दवाखान्यातला उंची मोजण्याचा टेप घेऊन अंगणात माझ्या गाडीसमोर उभा राहिलो. खालची आडवी नळी जमिनीपासून 62 सेंटिमीटर, वरची 98. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची 96.1 सेंटिमीटर आहे, चार वर्षांच्याची 103.3, पाच वर्षांच्याची 110. म्हणजे खालची नळी तीन वर्षांच्याची छाती. वरची नळी चार वर्षांच्याचे कपाळ आणि पाच वर्षांच्याचे नाक. हा तक्ता मी रोज वीसपंचवीस वेळा पाहतो. तो कधी गाडीच्या नळीवर लावून पाहिला नव्हता.

मग बाकीचेही वाचले. चासीला घट्ट जोडलेल्या गार्डमुळे त्या चुरगळणाऱ्या डब्यांना आपले काम करता येत नाही, धक्का थेट चासीत जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते. युरोपीय संघाने 2005 साली निर्देश काढून अशा गार्डांना पादचारी सुरक्षेच्या चाचण्या लावल्या. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी ते लावतात, हे खरे. आपल्याकडे कांगारू नाहीत. महाकालाच्या दर्शनाला आलेली, लेकुरवाळी, रस्ता ओलांडणारी माणसे आहेत. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 182 अ आले आणि परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी गाडीमालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. माझा गार्ड त्याआधीच निघाला होता. हे सांगतो ते प्रौढीने नव्हे. पत्र आल्यावर तो वर्षभर गाडीवर होता, हेही वर लिहिलेच आहे.

प्रश्न उरला तो बंपरचा. गार्ड नसताना तो कसा वाचवायचा?

त्याचे उत्तर भूमितीत आहे. पुढच्या टायरच्या जमिनीवरच्या बिंदूपासून बंपरच्या खालच्या कडेला स्पर्श करणारी रेषा जमिनीशी जो कोन करते, त्यापेक्षा तीव्र चढ समोर आला तर चाकाआधी बंपर टेकणार. गुरख्याचा हा पुढचा कोन 39 अंश आहे, मागचा 37. कंपनीने दिलेल्या या कोनात पुढे आणखी लोखंड जोडले की तो कमीच होतो. बंपर वाचवण्यासाठी लावलेला गार्ड नाल्यात आधी टेकतो, हा विनोद मला दोन वर्षे कळला नाही.

तेव्हा पहिला नियम : उतरा आणि चालत जाऊन पाहा. तपासल्याशिवाय औषध लिहू नये, तसे नाला पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. काठी सोबत असावी. पाण्याखालचा धोंडा तीच सांगते. दुसरे, अरुंद नाला सरळ न उतरता थोडा तिरपा उतरावा, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली जाते आणि नाक टेकत नाही. अति तिरपे मात्र नको, गाडी कलंडते. तिसरे नवख्याला नेहमी उलटे वाटते : मोठा धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेऊ नये, त्यावर चाक चढवावे. टायर दगड सोसतो, बंपर आणि डिफरन्शियल सोसत नाहीत. लो-रेंजचा पहिला गिअर टाकून, ब्रेकवर हलका पाय ठेवून, माणूस चालेल त्याहून कमी वेगाने जावे. समोर एक माणूस उभा करावा आणि फक्त त्याचेच हात पाहावेत. गाडीतले चार जण चार दिशा सांगत असतील तर त्यांना खाली उतरवावे.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. उथळ, साचलेले पाणी असेल तरी वेगाने घुसू नये. पाण्याचा फटका नंबरप्लेट आणि बंपरचा ओठ उचकटून नेतो. चिखलात रुतल्यावर दोर बंपरला कधीही बांधू नये, आवरण हातात येते. तो चासीवरच्या हुकालाच लावावा, दोरावर ओले घोंगडे टाकावे आणि बघायला जमलेल्या पोरांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे. तुटलेला दोर कोणाकडे पाहून येत नाही.

घरी आल्यावर बंपरच्या मागची माती त्याच दिवशी पाण्याने काढावी. आपली काळी माती वाळली की विटेसारखी होते, रेडिएटरची हवा अडवते आणि खुंट्यांना आतून ढकलते. सुट्या खुंट्यांची एक पिशवी मी दवाखान्याच्या खणात ठेवतो. कंपाउंडर ती एकदा सिरिंजच्या टोप्या समजून टाकून देणार होता. बंपर रंगवलेला नसून खरबरीत काळ्या प्लास्टिकचा असेल तर फारच उत्तम, ओरखडे त्यात जिरून जातात.

गेल्या पावसाळ्यात चंबळ जिथे उगम पावते त्या जानापावकडे गेलो होतो. परतताना डाव्या कोपऱ्याला वीतभर ओरखडा आला. मी उतरून पाहिले होते, पण घाईने पाहिले होते. तो तसाच ठेवला आहे. काढलेला गार्ड भंगारवाल्याने मागितला, परंतु दुसऱ्या कोणाच्या गाडीवर तो पुन्हा चढेल या भीतीने दिला नाही. दवाखान्यामागच्या वाफ्यात तो उभा पुरला आहे आणि त्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. दोडकी यंदा बरी लागली आहेत.